कबुतरं डिकॉयपर्यंत येतात आणि बुजून वळतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या शेतांवर वुडपिजन या मोठ्या रानकबुतरापासून पीक राखायचं काम मी गेली चौदा वर्षं करतो आहे. हिवाळ्यात रेप (मोहरीसारखं तेलबियांचं पीक), वसंतात नुकता पेरलेला वाटाणा, जुलैत आडवी पडलेली बार्ली, त्यानंतर धसकटं. पीक बदलतं, पण तक्रार एकच ऐकू येते: लपण (आडोसा करून बंदूक घेऊन बसायची जागा) चांगलं बांधलं, नकली कबुतरं म्हणजे डिकॉय नीट मांडले, तरी पाखरं बुजतात. मी स्वतः ही चूक इतक्या वेळा केली आणि इतरांच्या शेतावर इतक्या वेळा निस्तरली की आता ती शोधायचा एक क्रम डोक्यात बसला आहे. तो इथे लिहून ठेवतो.

भारतातल्या वाचकांना आधीच सांगतो: भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. तिथे रानपाखरांची अशी शिकार करू नका, तो गुन्हा ठरतो. खालचं सगळं इंग्लंडमधल्या शेतांपुरतं आणि तिथल्या नियमांपुरतं आहे. लपण, वारा आणि हालचाल यांबद्दलचा भाग मात्र कॅमेरा घेऊन बसणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

लक्षणं

१. तास उलटला तरी कबुतरं शेताकडे फिरकत नाहीत. दूरच्या झाडांवरून सरळ पुढे निघून जातात.

२. डिकॉय पाहून वळतात, खाली यायला लागतात, पण ७०-८० मीटरवर पंख मारून पुन्हा वर उठतात.

३. पार ४० मीटरपर्यंत येतात आणि एका क्षणात कुणीतरी फेकल्यासारखी बाजूला वळतात.

४. उतरतात, पण डिकॉयच्या पलीकडे किंवा एका कडेला, माऱ्याबाहेर.

५. पहिला अर्धा-पाऊण तास छान जातो, मग एकदम बंद.

६. शनिवारी चाळीस मिळाली, मंगळवारी त्याच जागी दोन.

ही सहा लक्षणं म्हणजे सहा वेगळे दोष आहेत. लोक सगळ्यांवर एकच उपाय करतात: आणखी डिकॉय, आणखी महाग यंत्र. माझं सांगणं इतकंच आहे की पाखरू कुठे वळलं ते आधी बघा. दूरवरून वळलं तर दोष जागेत. मध्यावर वळलं तर दोष मांडणीत. अगदी जवळ येऊन वळलं तर दोष लपणात किंवा लपणात बसलेल्या माणसात. म्हणून बुजण्याची तक्रार असेल त्या दिवशी पहिली वीस मिनिटं बंदूक रिकामी ठेवा. वहीत फक्त चार गोष्टी टिपा: पाखरू कोणत्या दिशेने आलं, किती अंतरावर वळलं, वळून कुठे गेलं, वारा कुठून होता. दहा-बारा पाखरांच्या नोंदी झाल्या की दोष बहुतेक वेळा आपोआप दिसतो. या तपासणीला काहीच खर्च नाही, तरी ती करणारे फार थोडे भेटले.

पहिली तपासणी: शेत बरोबर आहे का?

पहिल्या लक्षणाचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. वुडपिजन मोकळ्या आकाशातून वाट्टेल तसं येत नाही. त्याची येण्या-जाण्याची वाट ठरलेली असते: झाडांची रांग, हेजची (झुडपांच्या कुंपणाची) कड, दोन वनांमधली फट, ओढ्याची खोलगट पट्टी. या वाटेपासून दोनशे मीटर बाजूला डिकॉय मांडले, तर पोट भरायला निघालेलं कबुतर वाट सोडून तिकडे यायचं काही कारण नसतं. डिकॉय हे बोलावणं नाही. जे पाखरू तसंही त्या बाजूला यायच्या विचारात आहे, त्याला ‘इथे उतरायला हरकत नाही’ एवढंच ते सांगतं.

म्हणून आदल्या दिवशी, ज्या वेळी बसायचं आहे त्याच वेळी, दुर्बीण घेऊन तासभर शेताच्या लांबच्या कडेला उभे राहा. गाडीत बसलात तर जास्त चांगलं, कारण पाखरं उभ्या माणसापेक्षा उभ्या गाडीला कमी बुजतात. तीन गोष्टी शोधा: शेतातली नेमकी कुठली जागा ती खात आहेत, कुठल्या वाटेने येतात, आणि उतरण्याआधी कुठल्या झाडावर टेकतात. रेपच्या पन्नास एकरांत कबुतरं बहुतेक वेळा पाच एकरांतच असतात. पातळ उगवण झालेला चढ, पाणी साचून गेलेला कोपरा, पानांवर जुन्या चोची लागलेला पट्टा. जमीन बघा. पांढरी विष्ठा, गळलेली पिसं आणि कुरतडलेली पानं जिथे आहेत तिथे बसायचं. जिथे बसायला सोयीचं आहे तिथे नव्हे.

एका जूनमध्ये मी वाटाण्याच्या शेतात तीन दिवस फुकट घालवले. लपण छान सावलीत होतं, पाय लांब करायला जागा होती. चौथ्या दिवशी शेतमालकाच्या मुलीने ट्रॅक्टरवरून जाता जाता सांगितलं की पाखरं रोज पलीकडच्या टेकाडामागे उतरतात. मला बसल्या जागेवरून ते टेकाडच दिसत नव्हतं. लपण तिकडे हलवलं आणि त्या संध्याकाळी वाटाणा वाचला.

वेळही बघा. हिवाळ्यात दिवस लहान असतो, त्यामुळे कबुतरं जवळपास दिवसभर खातात आणि झोपायला जाण्याआधी गळ्यातली पिशवी गच्च भरून घेतात. उन्हाळ्यात सकाळचा आणि दुपारनंतरचा असे दोन जोर मला स्पष्ट दिसतात. मधल्या शांत वेळेत मांडणी चुकली असं समजून सगळं उचलू नका.

दुसरी तपासणी: तुम्ही स्वतः

तिसरं लक्षण दिसलं, म्हणजे पाखरू ४० मीटरवर येऊन फेकल्यासारखं वळलं, तर लपणाच्या जाळीवर संशय घेण्याआधी स्वतःवर घ्या. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ ३४० अंशांचं दिसतं. त्याचा रंगांचा अनुभवही आपल्यापेक्षा वेगळा आहे, अतिनील प्रकाशाचा भाग त्याला दिसतो. पण त्याला सगळ्यात आधी टिपता येते ती हालचाल, आणि त्यानंतर चेहऱ्याचा व हातांचा उजळपणा. वर बघणारा माणसाचा चेहरा आकाशाचा प्रकाश परत फेकतो. आपल्यासारखा सावळा माणूसही यातून सुटत नाही, कारण घामेजलेलं कपाळ आणि चष्म्याची काच कुणाचीही चमकते.

करायचं ते असं: तोंडावर पातळ जाळीदार कापड, हातात मोजे, कडा असलेली टोपी. पाखरू येताना दिसलं की मान वर करू नका, डोळेच वर न्या. बंदूक एकदाच उचला, ती गोळी झाडतानाच. पाखरू दिसल्या दिसल्या उभं राहायची सवय असेल तर ती मोडायला एक हंगाम लागतो, पण ती मोडल्याशिवाय बाकीच्या सुधारणांचा उपयोग होत नाही.

कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा उजळवणारी द्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. मी लपणाचे कपडे आणि जाळी साध्या पाण्यात किंवा अशी द्रव्यं नसलेल्या साबणात धुतो. याने किती फरक पडतो हे मोजायला माझ्याकडे साधन नाही, पण यात तोटाही काही नाही.

कुत्रा असेल तर त्याचीही हालचाल मोजा. जाळीबाहेर डोकावणारं काळं नाक मी दोनदा दोषी म्हणून पकडलं आहे.

तिसरी तपासणी: लपण कुठे आहे आणि त्याच्या मागे काय आहे

लोक लपणाच्या पुढच्या जाळीकडे लक्ष देतात. माझ्या अनुभवात खोट बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. तुमच्या मागे मोकळं आकाश असेल तर पुढची जाळी कितीही चांगली असो, तुमची आकृती त्यातून काळी उमटते. मागे हॉथॉर्नचं दाट हेज, गवताच्या गठ्ठ्यांची भिंत किंवा झाडाचं खोड असेल तर पुढे अर्धवट पातळ जाळीही पुरते. शंका असेल तर लपणातून बाहेर या, जिथून पाखरं येतात त्या बाजूला चाळीस पावलं चाला आणि जोडीदाराला आत मान हलवायला सांगा. तो दिसला तर कबुतराला तर दिसणारच.

जाळीची वरची कड बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावी. त्याहून उंच केली तर बाहेर बघायला सारखं उठावं लागतं. त्याहून खाली असेल तर छाती उघडी पडते. पाखरं झाडावरून उंच येत असतील तर डोक्यावरही थोडं आच्छादन लागतं. तिथल्याच फांद्या, तिथलंच गवत जाळीत ओवा. दुपारपर्यंत तोडलेली पानं सुकून उलटी होतात आणि त्यांची फिकी बाजू वर येते, तेव्हा ती बदला. सुकलेल्या पानांचं लपण म्हणजे हिरव्या शेतात मांडलेलं बुजगावणंच.

आता वारा. कबुतर वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. याला अपवाद फार थोडे. म्हणून वारा तुमच्या पाठीवर किंवा एका खांद्यावरून पुढे वाहत असेल अशी जागा शोधा. पाखरं समोरून, वाऱ्याला तोंड देत, तुमच्याकडे येतील. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर पाखरं तुमच्या डोक्यावरून, मागून येतील आणि उतरण्याआधी प्रत्येक जण लपणाच्या आत वरून बघून जाईल. मग ती बुजतात, आणि आपण डिकॉयना दोष देत राहतो. चौथं लक्षण, म्हणजे पलीकडे उतरणं, हेही निम्म्या वेळा वाऱ्याचंच असतं: सकाळी मांडणी बरोबर होती, अकरा वाजता वारा फिरला आणि आपण हललो नाही. हातात गवताचं पान ठेवा आणि दर अर्ध्या तासाला सोडून बघा.

वाराच नसेल त्या दिवशी पाखरं घिरट्या घालतात, कुठूनही येतात आणि कुठेही उतरतात. असा दिवस मांडणीच्या परीक्षेचा नाही. मी तर अशा दिवशी शक्यतो बसतच नाही.

चौथी तपासणी: डिकॉयची मांडणी

दुसऱ्या लक्षणात, ७०-८० मीटरवरच्या वळणात, खरा गुन्हेगार इथे सापडतो.

सर्वांत आधी चमक. प्लास्टिकचा डिकॉय दवाने किंवा पावसाने ओला झाला की आरशासारखा चमकतो. गुडघ्यावर बसून, जमिनीजवळ डोळे नेऊन, सूर्याच्या दिशेने बघा. चमकत असेल तर फडक्याने पुसा, आणि पुढच्या वेळी आवरणाला खरबरीत, चमक नसलेला रंग द्या. रंग उडालेले, मानेचा पांढरा पट्टा पुसला गेलेले डिकॉय बाजूला काढा. दहा चांगले डिकॉय तीस खराबांपेक्षा बरे.

मग अंतर. खाणारी कबुतरं एकमेकांपासून दीड-दोन मीटर तरी सोडून असतात. कोंबून मांडलेली कबुतरं वरून बघणाऱ्याला खाणारी न दिसता, धोका जाणवून उडायच्या तयारीत एकत्र झालेली दिसतात. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे ठेवा, पण कवायतीसारखी एका रेषेत नको. कुणी थोडं डावीकडे, कुणी उजवीकडे, निम्म्यांची डोकी खाली. माना ताठ केलेले डिकॉय जास्त असतील तर तीच भीतीची खूण.

मांडणीचा आकार घोड्याच्या नालेसारखा ठेवा, आणि उघडी बाजू वाऱ्याच्या उलट, म्हणजे जिकडून पाखरं येतील तिकडे. मधली मोकळी जागा हीच उतरण्याची जागा. ती तुमच्यापासून २०-२५ मीटरवर हवी. एकसंध गोल मांडला तर पाखराला आत यायला फट मिळत नाही आणि ते कडेला उतरतं. हे चौथ्या लक्षणाचं दुसरं कारण. लपणाच्या अगदी पुढ्यात, दहा मीटरवर, डिकॉय ठेवू नका. पाखराची नजर तिथे जाते आणि मग थेट तुमच्यावर.

३५ मीटरवर एक वेगळा डिकॉय खूण म्हणून ठेवा. त्याच्या पलीकडच्या पाखरावर बंदूक उचलायची नाही. बारा बोअरची शॉटगन आणि सहा नंबरच्या छर्र्यांचं काडतूस यांनी त्याहून दूर कधीकधी पाखरू पडतं, पण जखमी होऊन निसटणारी कितीतरी जास्त. जखमी पाखराचे हाल तर होतातच, शिवाय ते थव्यात परत जातं आणि सगळा थवा त्या शेताला बुजतो. फार लांबून झाडलेल्या गोळीमुळे पुढचा तास कसा कोरडा जातो हे मी स्वतःच्या शेतावर बघितलं आहे.

पाचवी तपासणी: पडलेली पाखरं

पाचवं लक्षण, ‘अर्धा तास छान आणि मग बंद’, याचं उत्तर बहुतेक वेळा समोरच जमिनीवर पडलेलं असतं. वुडपिजनच्या पंखावर पांढरा आडवा पट्टा असतो, तो उडतानाच दिसतो. मेलेलं पाखरू पाठीवर, पंख पसरून पडलं की तो पट्टा आणि पोटाचा फिका भाग आकाशाकडे उघडा राहतो. इतर कबुतरांना ती धोक्याची खूण वाटते. ब्रिटनमध्ये यावर प्रयोगही झाले आहेत: पंख उघडलेल्या स्थितीतल्या कबुतरांजवळ वुडपिजन उतरायला टाळतात. म्हणजे अर्ध्या तासात आपण स्वतःच्या हाताने बुजगावणी मांडत असतो.

थवा थोडा शांत झाला की लगेच बाहेर जा. पडलेली पाखरं उचला, किंवा पंख मिटवून, पोटावर, डोकं बारीक काडीवर टेकवून मांडणीत बसवा. खरं पाखरू हा सगळ्यात चांगला डिकॉय आहे, फक्त तो नीट बसलेला हवा. गळलेली पांढरी पिसं आणि रिकामी काडतुसंही वेचा. पितळी बूड उन्हात लांबून लकाकतं. बाहेर जाताना बंदूक उघडून, रिकामी करून लपणात ठेवा. एका लपणात दोघं असाल तर एका वेळी एकानेच झाडायचं, हे बसायच्या आधी ठरवून घ्या.

सहावी तपासणी: फिरतं यंत्र

बॅटरीवर फिरणाऱ्या दोन दांड्या आणि त्यांच्या टोकाला पंख पसरलेली दोन पाखरं, असं हे यंत्र. लांबून हालचाल दाखवतं म्हणून सुरुवातीला खूप चालतं. पण ज्या शेतावर प्रत्येक जण ते वापरतो, तिथली कबुतरं फेब्रुवारीपर्यंत त्याला ओळखू लागतात. तपासायचं सोपं आहे: पंधरा मिनिटं बंद करा. बुजणं कमी झालं तर यंत्र काढून ठेवा. चालू ठेवायचं असेल तर वेग कमीत कमी ठेवा आणि ते मोकळ्या जागेच्या मधोमध न ठेवता एका कडेला न्या. नवीन यंत्र घ्यायच्या विचारात असाल तर आधी पहिल्या पाच तपासण्या पूर्ण करा.

आवाज मुद्रित करून वाजवायचा मोह होतो, विशेषतः कावळ्यांसाठी. वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्ट, १९८१ च्या कलम ५ मध्ये पाखरं मारण्यासाठी ध्वनिमुद्रण डिकॉय म्हणून वापरायला मनाई आहे. बांधलेलं किंवा जखमी जिवंत पाखरू वापरायलाही. दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

सातवी तपासणी, सगळ्यात अवघड: शेताला विश्रांती

सहावं लक्षण, शनिवारी चाळीस आणि मंगळवारी दोन, यावर मांडणीत उपाय नाही. पाखरं शिकली आहेत. आता आठवडाभर तरी तिथे बसू नये, आणि पुढच्या वेळी हेजच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या आकाराची मांडणी करून बसावं. हे अवघड आहे, कारण त्या आठवड्यात पीक खाल्लं जातं आणि शेतमालकाला ते समजावून सांगावं लागतं. मी असं करतो: विश्रांतीच्या दिवसांत तिथे गॅसवर वाजणाऱ्या तोफा आणि पतंग लावायला सांगतो, आणि मी शेजारच्या शेतावर, जिकडे पाखरं हाकलली जातील तिकडे बसतो. मी बसणार त्या दिवशी तोफा बंद. दोन्ही एकाच दिवशी चालवले तर एकाने दुसऱ्याचं काम बिघडतं. एकापेक्षा जास्त लपणांतून एकाच दिवशी बसता आलं तर पाखरांना टेकायला जागा उरत नाही आणि ती फिरत राहतात. त्यासाठी माणसं लागतात, म्हणूनच ही तपासणी शेवटी ठेवली.

आकडा किती झाला याच्या मागे लागू नका. पक्षिशास्त्रज्ञ आर. के. मर्टन यांनी १९६० च्या सुमाराला केंब्रिजशरमध्ये वुडपिजनचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हिवाळ्यात किती पाखरं जगतील हे मुख्यतः अन्नावर ठरतं, हिवाळी शिकारीने एकूण संख्या फारशी हटत नाही, असं त्यातून दिसलं. आपण बसतो ते एका शेतातलं एक पीक त्याच्या नाजूक तीन-चार आठवड्यांत राखायला. पाखरं बुजून दुसरीकडे गेली आणि परत आली नाहीत, तर शेतापुरतं काम झालेलंच असतं. मला हे मान्य करायला बरीच वर्षं लागली.

कावळे आणि रूक

वरचं सगळं त्यांनाही लागू, फक्त दुप्पट काटेकोरपणे. कॅरियन क्रो आणि रूक (दोन्ही कावळ्यांच्याच जाती) माणूस लपणात शिरताना बघत असतील तर तासभर येणार नाहीत. अंधारात जाऊन बसा. अमेरिकेत सिअॅटलला मुखवटे घालून केलेल्या प्रयोगात तिथल्या कावळ्यांनी त्रास देणारा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवला. जात वेगळी असली तरी इथल्या कावळ्यांकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो. तोंड झाकतो, आणि एकाच गाडीने, एकाच वाटेने रोज जात नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

कागद पक्के नसतील तर सुरूच करू नका. शॉटगन सर्टिफिकेट पोलिसांकडून मिळतं, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. इंग्लंडमध्ये पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी वुडपिजन मारायचे तर जीएल४२ हा सर्वसाधारण परवाना आहे. तो चालू वर्षाचा वाचा, अटींसकट. बुजगावणी, तोफा, जाळी असे न मारता करायचे उपाय त्यात गृहीत धरलेले आहेत. २०१९ मध्ये आधीचे परवाने एकदम रद्द झाले होते आणि बऱ्याच जणांना ते शेतावर पोहोचल्यावर कळलं. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे आहेत.

पाखरू ओळखता येत नसेल तर बंदूक खाली. स्टॉक डव्ह हे दुसरं रानकबुतर वुडपिजनबरोबर त्याच शेतात उतरतं आणि ते या परवान्यात नाही. ते लहान असतं, मानेवर पांढरा डाग नाही, पंखावर पांढरा पट्टाही नाही. मानेच्या डागावर अवलंबून राहू नका, कारण कोवळ्या वुडपिजनलाही तो नसतो. पंखाचा पट्टा बघा. थव्यात स्टॉक डव्ह जास्त असतील तर मी त्या दिवशी सामान आवरतो.

रस्ता किंवा पायवाट जवळ असेल तर दिशा बदला किंवा जागा सोडा. हमरस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत बंदूक झाडून वाटसरूला धोका किंवा अडथळा झाला तर तो गुन्हा आहे, आणि पायवाटेवरून जाणाऱ्या माणसाला वाट मोकळी मिळाली पाहिजे. घरं, गोठे आणि गोदामांभोवतीची कबुतरं हे लपणातून करायचं काम नाही. तिथे व्यावसायिक कीडनियंत्रकाला बोलवा.

काडतुसाचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, किंवा झाडल्यावर धक्काच जाणवला नाही, तर दुसरं काडतूस भरू नका. बंदूक उघडा, काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दिसत नसेल तर काडीने ढकलत बसू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. वीस बोअरचं, म्हणजे जास्त बारीक, काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून अडकतं आणि त्यामागे बाराचं भरलं गेलं तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी असतात ती यासाठीच. दोन्ही बंदुका घरात असतील तर काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका.

पाखराच्या घशात पिवळट, चिकट गाठी दिसल्या, किंवा शेतात न मारता मेलेली पाखरं आढळली, तर उघड्या हाताने उचलू नका, खाऊ नका, कुत्र्याला देऊ नका. शेतमालकाला सांगा आणि पशुवैद्याला विचारा. मरून पडलेल्या रानपाखरांची खबर सरकारी पशुआरोग्य यंत्रणेलाही द्यावी, कारण बर्ड फ्लू तिथूनच कळतो.

दोन विश्रांत्या देऊन, जागा बदलून, चार वेळा बसूनही पिकाचा तोच पट्टा खाल्ला जात असेल, तर अनुभवी माणसाला शेतावर आणा. ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन ही संस्था सदस्यांना सल्ला आणि प्रशिक्षण देते. पीक पुन्हा उभं राहील की पेरणीच बदलावी लागेल, हे मात्र पीक सल्लागाराला विचारा. अनुभवी माणूस येईल तेव्हा वही हातात द्या: शेताचा कच्चा नकाशा, वाऱ्याची दिशा, पाखरं कुठून आली, किती मीटरवर वळली, किती वाजता. एवढं असलं की तो लपणाकडे न बघताही अर्धं सांगू शकतो.